मिठातली नाणी

चांगुणामावशीच्या हातात कुणी नोट ठेवली की ती आधी देणाऱ्याच्या तोंडाकडे बघायची, नोटेकडे नंतर. नोट दहाची असो की पाचशेची, माणूस ओळखीचा असो की नसो. मग ती नोट उजेडाला धरायची, कमरेच्या पिशवीत घालायची आणि वरून लुगडं घट्ट खोचायची. गिऱ्हाईक चिडायचं. "मावशी, मी काय चोर दिसतो?"

"तू नाय रे बाबा," ती म्हणायची, "पण पैसा माझ्या हातात नसतो. पुढच्याच्या तोंडात असतो. तो हो म्हणला तर पैसा, नायतर कागद."

बोईसरच्या बाजारात आठ वर्षं मी तिच्या शेजारी बसले. ती सातपाटीहून सुकी मासळी आणायची. बोंबील, जवळा, वाकट्या. मी बेटेगावहून घरच्या वाडीतली केळी, अळू आणि पडवळ घेऊन यायची. मला परक्या माणसाशी बोलताना घाम फुटतो, अजूनही. आरोळी तर माझ्याच्यानं होतच नाही. माझी आरोळी तीच द्यायची. "केली घ्या हो, केली! बोंबील खाऊन तोंड खारट झालं तर शेजारी केली हायेत!" लोक हसायचे आणि घ्यायचे. मी मान खाली घालून पैसे घ्यायची.

तिला सगळे धीट समजत. तिचा नवरा एकदा वादळात चार दिवस दर्यातून परतला नव्हता, तेव्हा तिनं चारही दिवस त्याच्या वाटणीचा भात शिजवला, आणि पाचव्या दिवशी तो आला तेव्हा "उशीर केलास" एवढंच म्हणाली. पुढे तो दम्यानं घरातच गेला. दर्याची भीती नाही, पोलिसाची नाही, जागेची पावती फाडणाऱ्याची नाही. भीती फक्त पैशाची. तो कमी पडेल म्हणून तर आपण सगळेच भितो. ती भ्यायची ते वेगळंच. हातातला पैसा हातात असतानाच मरेल असं तिला वाटायचं.

हे कुठून आलं ते तिनं मला एका दुपारी सांगितलं. श्रावण होता. श्रावणात सुक्या मासळीला कोण विचारतो? आम्ही दोघी नुसत्या बसलो होतो.

तिची आजी डोक्यावर टोपली घेऊन डोंगराकडच्या पाड्यांवर चालत जायची. मीठ आणि सुकी मासळी द्यायची, भात घेऊन यायची. त्यात पैशाचं नाव नव्हतं. एका वर्षी कुणा लाकडाच्या ठेकेदारानं आजीला मासळीच्या बदल्यात चांदीचा रुपया दिला, राणीछाप. आजोबांनी तो उंबऱ्यावर टाकून वाजवला. नाद खरा निघाला. तरी म्हातारा म्हणाला, "वाजतो बरा, पण शिजवायचा कसा?" मग कधीतरी भोकाचा पैसा आला. तो करगोट्यात ओवून पोरांच्या कमरेला बांधत. मावशीच्याही कमरेला होता.

"आनि मी दहा-बारा वर्षांची होते," ती म्हणाली, "आईनं आणे साठवले होते. तांब्याच्या हंड्यासाठी. डबा भरला तेवा आमी दोघी पालघरला गेलो. भांडेवाल्यानं डब्यात बघितलं नि म्हणला, बाय, हे आता चालत नाय. नवे पैसे आण."

"मग? आई रडली?"

"रडली असती तर बरं झालं असतं. ती हसली गो. तिला वाटलं मस्करी करतो. ती हसत उभी राहिली, नि तो दुसऱ्या बायला तोच हंडा दाखवायला लागला." मावशीनं टोपलीवरची माशी हाकलली. "तिनं काय चुकी केली सांग. चोरले नवते. हरवले नवते. डब्यातच होते."

पैशाशिवाय व्यवहार करायला तिला एकच माणूस उरलं होतं. बुधी. डोंगराकडच्या पाड्यावरची, मावशीहून बरीच लहान, काटक बाई. दिवाळीनंतर घरदार घेऊन वीटभट्टीवर जायची आणि पावसाआधी परत यायची. शेत थोडं, तेही पावसावरचं. भात निघाला की बुधी एक गाठोडं घेऊन बाजारात यायची आणि मावशीच्या समोर बसायची. मावशीकडे लाकडी शेर होता, तिच्या आजीच्या वेळचा. एक शेर तांदूळ, एक शेर जवळा. भाव कुणी विचारायचं नाही. शेर भरून झाला की मावशी वर मूठभर टाकायची, आणि बुधी तरीही कुरकुर करायची.

"मावशे, तुझा शेर म्हातारा झालाय. आत बसलाय."

"तुझा तांदूळ काय तरणाताठा हाय? निम्मे खडे!"

"खडे चावून दात मजबूत होतात."

अशी भांडणं चालायची आणि दोघी खूश असायच्या. त्या वेळी मावशीच्या तोंडावर भीती नसायची. ती बुधीच्या तोंडाकडे बघायचीही नाही.

मावशीच्या घरात ती आणि नात, साक्षी. साक्षीची आई लहानपणीच गेली, बापानं दुसरीकडे संसार मांडला. साक्षीला नर्स व्हायचं होतं. त्या कॉलेजच्या फीसाठी मावशी साक्षी सातवीत असल्यापासून साठवत होती. जमलेल्या नोटा साक्षीच्या हातून बँकेत जायच्या. "तू जा, मला त्या काचेची भीती वाटते," मावशी म्हणायची.

साक्षीनं एकदा आजीच्या टोपलीवर मोबाईलनं पैसे घ्यायचा तो चौकटी-चौकटींचा कागद चिकटवला आणि शेजारी बोलणारी पेटी ठेवली. कंपनीतला एक कामगार आला, अर्धा किलो बोंबील घेतले, मोबाईल दाखवला आणि निघाला. पेटी हिंदीत काहीतरी बोलली. मावशी इतकी दचकली की हातातला तराजू पडला.

"मौसी, हो गया," तो म्हणाला.

"काय हो गया? बोंबील गया, वो मेरेकू दिख्या. पैसा किधर दिख्या?"

"आपके खाते में।"

"खाता कोनी बघितलाय!"

तो हसत गेला. मावशीनं पेटीवर मासळीचं फडकं टाकलं. दिवसभर फडक्याखालून आवाज यायचा आणि ती दर वेळी मला विचारायची, "सुमन, काय म्हणते ती? खरं बोलते का?" मला तरी काय कळणार. आठवड्यानं पेटी घरी गेली.

मग ती दहाच्या नाण्याची अफवा आली. कुणी म्हणालं, दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. कुणी उलटं सांगितलं. आठ दिवसांत रिक्षावाला घेईना, भजीवाला घेईना. समोरच्या किराणावाल्या शेठनं तर पाटीच लावली. साक्षीनं मोबाईलवर वाचून दाखवलं, सरकार म्हणतं सगळी नाणी चालतात. शेठ म्हणाला, "सरकार येतं काय माझ्या गल्ल्यावर बसायला?" मीही घेत नव्हते. मी काही न बोलता फक्त मान हलवायची, तेवढं मला जमायचं.

एका संध्याकाळी कंपनी सुटल्यावर एक बाई आली. हातात दहाची दोन नाणी. शेठनं हाकललं, भाजीवाल्यांनी हाकललं. ती हसत उभी राहिली, आता काय करावं हे न कळणाऱ्या माणसासारखी. मावशीनं तिच्याकडे बघितलं आणि एकदम कागदात जवळा बांधून दिला. नाणी पिशवीत घालून तिनं लुगडं दोनदा खोचलं.

झालं. बाजारात कळलं. बोईसरमधली सगळी नाणी मावशीकडे यायला लागली. "नाणी घेता ना?" विचारतच माणसं यायची. ती प्रत्येकाला हो म्हणायची आणि प्रत्येक वेळी भ्यायची. एकदा मी धीर करून म्हटलं, "मावशी, पुरे करा. साक्षीची फी आहे."

"मलाबी भीती वाटते गो. पण नाय म्हणायला जीभ वळत नाय. मी पण नाय म्हटलं तर ते मरेलच ना."

नाण्यांची पिशवी घेऊन ती बँकेतही गेली होती, साक्षीबरोबर. तिथं म्हणाले, मोजायला माणूस नाही, थोडी थोडी आणा. ती घाबरून परत आली ती पुन्हा गेली नाही. घरात चोरीची भीती. मग तिनं तिच्या घराण्यात सगळे करत आले तेच केलं. टिकवायची वस्तू मिठात घातली. खाऱ्या मासळीचं पिंप होतं, त्यात मिठाच्या थरांमध्ये नाणी पेरली. "मिठात काय नासत नाय," ती मला अभिमानानं म्हणाली. "नि खाऱ्या पिंपात चोर हात घालत नाय." मला ते पटलं. आपल्या शहाणपणानं मीही मान हलवली.

साक्षी बारावी झाली. पालघरच्या एका कॉलेजात तिला जागा मिळाली आणि फी भरायला शनिवारपर्यंत मुदत होती. बँकेतल्या नोटांनी निम्म्याहून जास्त भागत होतं. उरलेलं पिंपात होतं. सोमवारी मावशीनं पिंप उपडं केलं.

मंगळवारी बाजारात आली तेव्हा तिचा चेहरा मी ओळखला नाही. तिनं पदराखालून एक नाणं दाखवलं. पिवळी कड काळी पडली होती, मधल्या पांढऱ्यावर हिरवे ठिपके. "सगळी अशी," ती म्हणाली. मी घरची चिंच नेली, आणि आम्ही दोघी तिच्या ओट्यावर बसून नाणी घासत राहिलो. कड थोडी उजळली, डाग गेले नाहीत.

बँकेत थोडी थोडी भरायला आता दिवस उरले नव्हते. बुधवारी ती बाजारात प्रत्येकाकडे गेली. आठ वर्षांत कुणाकडे काही न मागितलेली बाई. "बदलून द्या. दोन-दोन घ्या. साक्षीची फी हाय."

"आधीच चालत नाय, त्यात ही उकडलेली," भजीवाला म्हणाला.

"मावशी, ह्याचं कालवण करा!" शेठ म्हणाला, आणि दुकानातले हसले.

शेवटी ती आपल्या जागेवर येऊन बसली. त्या दिवशी माझी केळी बरी खपली होती, पिशवीत नोटा होत्या. तिला ते ठाऊक होतं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. मागितलं नाही. मी केळ्यांवरचं फडकं ओलं करत बसले. घरी ही नाणी नेली तर नवरा काय म्हणेल, हा एकच विचार डोक्यात होता. ते फडकं मी किती वेळ ओलं केलं ते मलाच माहीत.

गुरुवारी ती बुधीच्या पाड्यावर निघाली. मी म्हटलं, मी येते. घरी न विचारता मी कुठं जाण्याची ती पहिलीच वेळ. एसटीनं फाट्यापर्यंत, मग पायवाट. पिशवी आम्ही आलटून पालटून डोक्यावर घेतली. आत नाणी हलली की मावशी थांबायची, कुणी ऐकलं का म्हणून मागे बघायची.

बुधी भट्टीवरून नुकतीच आली होती. घरावर प्लास्टिक बांधत होती. आम्हाला बघून ओरडली, "अरे, दर्याच डोंगरावर आला!" पाणी दिलं, तांदळाची भाकरी दिली. मावशीनं भाकरीला हात लावला नाही. पिशवी सोडून नाणी समोर ओतली.

"बुधे, आधी ऐक. बाजारात ही कोनी घेत नाय. मिठात घातली, काळी पडली. पोरीची फी परवापर्यंत भरायची. तुजकडे भट्टीचे पैसे असतील तर..."

बुधीचा नवरा दारात उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "बियाणं आणायचं हाय. पावसाचं खायचं भरायचं हाय."

बुधीनं एक नाणं उचललं, उलटंपालटं केलं. "तू घेतेस ना ही?"

"मी घेते. कवापण घेते. मासळी देते."

"मग झालं."

ती आत गेली आणि मडक्यातून नोटांची पुरचुंडी काढून आणली. सहा महिने विटा थापल्याचे पैसे. त्यातली अर्ध्याहून जास्त रक्कम तिनं मावशीच्या हातात ठेवली. मावशीनं त्या नोटा उजेडाला धरल्या नाहीत. बुधीच्या तोंडाकडेही बघितलं नाही. बघवलंच नसेल.

परतताना ती वाटेत एका दगडावर बसली. मला वाटलं दमली. "सुमन," ती म्हणाली, "मी तिला काय दिलं गो? तो भांडेवाला निदान नाय तरी म्हणला होता. मी तिला हो म्हणायला लावलं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

साक्षीची फी भरली गेली. शुक्रवारी, मुदतीच्या एक दिवस आधी. मावशीनं पेढे वाटले नाहीत.

त्यानंतर ती एकही बाजार चुकली नाही. भर पावसात, जेव्हा सुकी मासळी ओली होऊन वास मारते आणि तिच्यासारख्या बायका घरी बसतात, तेव्हाही डोक्यावर प्लास्टिक घेऊन यायची. ताप असला तरी यायची. बुधी कधी येईल सांगता येत नव्हतं. ती येऊन रिकामी जागा बघेल आणि ती नाणी घेऊन शेठच्या दारात उभी राहील, ही धास्ती. बुधी येई तेव्हा चार-सहा काळी नाणी देई आणि शेर भरून घेई. मावशी आता वर तीन-तीन मुठी टाकायची.

"अगो, शेर तरणा झाला की काय!" बुधी म्हणायची. मावशी हसायची नाही.

आलेली नाणी आता साक्षी थोडी थोडी करून बँकेत भरायची, आणि तिथं ती घेतलीही जायची. पण बुधीचं बँकेत खातं नव्हतं, आणि मावशीचं लक्ष तिच्याकडे उरलेल्या नाण्यांवर होतं. दसऱ्याच्या सुमाराला तिला धाप लागायला लागली. "मी हाय तवर ती नाणी हायेत," ती मला म्हणायची. "मी गेले की त्या बाईच्या घरात नुसता पत्रा. तिला कळणारबी नाय. ती हसत उभी राहील." मी म्हणायची, असं काही होत नाही. माझ्या आवाजावर तिचा विश्वास बसत नसे. तो कुणाचाच बसत नाही.

ती थंडीत गेली, साक्षीच्या कॉलेजची पहिली परीक्षा चालू असताना. बुधीला ते ठाऊक नाही. ती भट्टीवर आहे, पावसाआधी परतेल. उरलेली नाणी तिच्याजवळच आहेत. मी आता मावशीच्या जागेपासून हातभर अंतरावर केळी घेऊन बसते, आणि बाजारात येताना पिशवीत घरातल्यांना न सांगता थोड्या नोटा जास्त ठेवते. पण बुधी समोर आली, शेठ आणि सगळा बाजार बघत असला, तर मला मोठ्यानं हो म्हणता येईल का, हे मला अजून सांगता येत नाही. म्हणून हे सगळं लेकीच्या जुन्या वहीत लिहून काढलं. लिहिताना तरी कुणी बघत नाही.

मावशीला मी बाजारात शेवटचं बघितलं ते दिवाळीनंतर, बुधी भट्टीवर निघाली त्या दिवशी. ठेकेदाराचा टेम्पो नाक्यावर उभा होता, माणसं, पोरं, भांडी, कोंबड्या वर चढत होती. बुधी धावत आली. दहा नाणी दिली, जवळा घेतला.

"सगळी दे," मावशी म्हणाली. "आज सगळी दे. टोपली घेऊन जा."

"एवढी मासळी भट्टीवर कुठं ठेवू? राहू दे ना. पुढच्या साली घेईन."

"बुधे, ऐक माझं. दे आज."

"तू काय कुठं पळून चाललीस काय?" बुधी हसली, नाण्यांचं गाठोडं पुन्हा बांधून काखेत मारलं आणि गेली. टेम्पोचा हॉर्न वाजला.

मावशी उठली. उठताना तिला दोनदा हात टेकावे लागले. तिनं बोंबलांची भरलेली टोपली उचलली आणि नाक्याकडे धावली. धाप लागलेली म्हातारी बाई कशी धावेल तशी. टेम्पो सुटला होता. तिनं टोपली वर ढकलली, बुधीनं वाकून ती झेलली. "ह्याचं काय द्यायचं?" बुधीचा आवाज आला. मावशीनं उत्तर दिलं असेल तर ते मला ऐकू आलं नाही. टेम्पो हायवेच्या दिशेनं वळला. मागून कंपन्यांच्या बसेस येत होत्या, हॉर्नवर हॉर्न देत होत्या, आणि ती रस्त्याच्या मधोमध मोकळे हात तसेच वर धरून उभी होती.